मधली धार

पहिली सोडून द्यायची, ताई.
मधली धरायची. शेवटचीही जाऊ द्यायची.
दिवसातून चाळीसदा म्हणते मी हे,
कधी मराठीत, बहुतेकदा हिंदीत,
ग्वाल्हेरात, कंपूच्या रस्त्याला,
औषधाच्या दुकानामागच्या एका खिडकीच्या लॅबमध्ये.
आणि चाळीसही जणी डबी पदराआड नेतात
चोरीचा माल असल्यासारखी.

कुणी घरूनच आणते, खोकल्याच्या औषधाच्या बाटलीत.
परवा एकीने आणली लोणच्याच्या बरणीत,
तळाशी मोहरीचा एक दाणा.
मी हसले नाही. नवी डबी दिली.

मृणालिनी शेजवळ. सव्वीस. पाचवा महिना.
बाड्यावर साड्यांच्या दुकानात उभी असते, दहा ते नऊ.
जळजळ? नाही. ताप? नाही.
कंबर दुखते, पण ती काय सगळ्यांचीच.
पाणी किती पिता?
ती गप्प. मग म्हणाली,
प्यायलं की जावं लागतं ना.
दुकानाचा संडास दुसऱ्या मजल्यावर,
किल्ली शेठजींच्या गल्ल्यात,
आणि गल्ल्यापाशी कायम चार पुरुष.

मे महिना. बाहेर सेहेचाळीस. नळ दिवसाआड.
डबीतला रंग
दुसऱ्यांदा उकळलेल्या चहासारखा.

पट्टी बुडवली. घड्याळाकडे बघत बसले.
प्रथिनांचा चौकोन जिथल्या तिथे, साखरेचाही.
नायट्राइटचा मात्र हळूहळू गुलाबी होत गेला.
बाळाच्या झबल्याला किती शोभला असता हा रंग.

शाळेत आम्ही करंगळी वर करायचो.
बाई फळ्याकडे बघतच म्हणायच्या, तास संपू दे.
तो संपला, दुसरा लागला,
मग लग्नाचा मांडव लागला, मग आगगाडी,
मग घरभर पाहुणे आणि न्हाणीघराला कडी नाही.
करंगळी खाली केव्हा आली
मला तरी आठवत नाही.

संध्याकाळी तिच्या डबीतला थेंब थाळीवर रेघला
आणि थाळी पेटीत ठेवली. सदतीस अंश.
तिच्या पोटातही साधारण तेवढेच.
रात्रभर दोन्हीकडे काहीतरी वाढत राहिलं,
आवाज न करता,
सारख्याच उबेत.

सकाळी थाळीवर दाणेच दाणे.
त्यांच्यावर काय चालतं, काय चालत नाही,
हे कळायला आणखी एक दिवस.
मग फोन लावला. सासूबाईंनी उचलला.
काय झालंय तिला? काही दिसत तर नाही!
दिसत नाही म्हणूनच, म्हटलं.
तसंच राहिलं तर वर चढतं, मूत्रपिंडाकडे.
कळाही वेळेआधी येऊ शकतात.
आजच डॉक्टरीणबाईंकडे पाठवा.
गोळ्या देतील त्या सगळ्या संपवायच्या, बरं वाटलं तरी.
बरं तर तिला आधीपासूनच वाटतंय, त्या म्हणाल्या.

पातेलं खाली ठेवल्याचा आवाज आला.
मग खूप हळू:
माझा पहिला सातव्यात गेला. थंडी वाजून ताप.
देवीचा कोप म्हणाले सगळे.
तेव्हा डबी कुणी दिली नव्हती हो.

मी काय बोलणार.
तो सातव्यातला, हा पाचव्यातला,
मध्ये पस्तीसेक वर्षं,
आणि माझ्या हातात नुसता फोन.

गोळ्या संपल्या, आठवडा गेला, मृणालिनी परत आली.
या वेळी डबी उघड्या हातात,
अंगठ्याने झाकण दाबून.
रंग फिका, जुन्या पिवळ्या साडीसारखा.
शेठजींशी बोललात?
बोलले नाही. करंगळी दाखवली.
ते इतके लाजले की किल्लीच बाहेर आली.
आता खिळ्याला असते,
चिठ्ठी लावलीय, ‘स्टॉक रूम’.
सहाही जणी दिवसभर स्टॉक बघायला जातो.

थाळी पुन्हा पेटीत. उद्या बघू.
कोरी निघाली तरी महिन्याने परत ये म्हटलंय.

खिडकीबाहेर अजून नऊ जणी.
घड्याळात सव्वादोन.
आणि एकदम माझ्या लक्षात आलं,
सकाळी सातपासून मी स्वतः
उठलेली नाही.

‘पाच मिनिटं’ अशी पाटी होती कुठेतरी.
शोधली. पुसली. लावली.